जुन्या चाकूवर गंज पुन्हा पुन्हा येतो: घासून काढायचा, की तसाच ठेवायचा?

आजोबांच्या पेटीतून इंग्लंडमधल्या शेफील्डचा घडीचा चाकू निघतो. पात्यावर तांबूस-काळे डाग असतात. घरातलं कुणीतरी लिंबू चोळून, मग पॉलिश पेपर मारून तो लख्ख करतं. पंधरा दिवस बरे जातात आणि श्रावणात पात्यावर केशरी ठिपके उठतात. परत घासायचं, परत ठिपके. असे तीन-चार पावसाळे गेले की पात्यावरची अक्षरं पुसट होतात, कडा गोलसर होतात, आणि गंज मात्र होता तिथेच असतो.

ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आणि स्वतःही बरीच वर्षं सोसली, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घासण्याने गंजाचं मूळ जात नाही. तो कुठून येतोय ते शोधलं पाहिजे. एकदा ते सापडलं की घासण्यासारखं फार थोडं उरतं, आणि उरलेल्यातलं बरंचसं तसंच राहू द्यावं असं असतं.

काळं वेगळं, तांबडं वेगळं

माझ्या आजीची विळी तव्यासारखी काळी होती. केळफूल, कच्ची केळी, कैरी, वांगी, सगळं तिच्यावर चिरलं जायचं. या भाज्यांमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, लोखंडाशी मिळून काळा थर धरतो. आजी रोज विळी धुऊन लगेच कोरडी पुसायची. तो काळा थर आणि ती रोजची पुसणी यांच्या जोरावर त्या पात्याला माझ्या आठवणीत कधी गंज चढला नाही. नवी सून आली की पहिल्यांदा ती विळी विटकरीने घासायला घ्यायची, आणि आजी तिच्या हातातून काढून घ्यायची.

जुन्या चाकूच्या पात्यावरची करडी, निळसर, काळपट झाक याच जातीची. ती गुळगुळीत असते, नख फिरवलं तर अडकत नाही, आणि ती खालच्या पोलादाला थोडंफार सांभाळतेही. तांबडा गंज उलटा. तो भुसभुशीत असतो, हवेतली ओल धरून ठेवतो, आणि त्या ओलीच्या आधाराने खाली आणखी खड्डा खणतो.

दोन्हींतला फरक ओळखायला एक पांढरं सुती कापड पुरतं. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकायचा आणि डागावर हलकेच चार वेळा फिरवायचं. कापडावर केशरी रंग उतरला तर गंज जिवंत आहे. नुसतं फिकट करडं उतरलं, किंवा काहीच उतरलं नाही, तर त्या डागाला हात लावायची गरज नाही. ही परीक्षा मी प्रत्येक चाकूवर पाच-सहा ठिकाणी करते, कारण एकाच पात्यावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. न गंजणारं क्रोमियमचं पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये बनवलं ते १९१३ साली. त्याआधीचं प्रत्येक पातं साध्या कार्बन पोलादाचं, त्यानंतरचीही कितीतरी. अशा पात्यावर शंभर वर्षांत काळपटपणा येणारच. विकायला आलेला एकोणिसाव्या शतकातला चाकू आरशासारखा चमकत असेल, तर जाणता माणूस आधी विचारतो की या चमकण्यात काय काय गेलं.

ते काय काय म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे जुन्या घरांत जे विलायती चाकू सापडतात त्यांत जोसेफ रॉजर्स अँड सन्सचे बरेच असतात. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रूस अशी जोडखूण असते, आणि शेफील्डमधला पत्ता असतो, ६, नॉरफोक स्ट्रीट. कधी मुकुट आणि दोन अक्षरं असतात. व्ही आर असेल तर चाकू बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. जी आर असेल तर बहुधा १९१० नंतरच्या जॉर्ज राजांच्या काळातला. या कारखान्याच्या मालाची नक्कल खूप व्हायची. त्यामुळे अस्सल की नकली हे ठरवताना अक्षरांचं वळण, ताऱ्याची टोकं, दोन खुणांमधलं अंतर, सगळं भिंगाखाली बघावं लागतं.

आणि हा ठसा खोल किती? अंगठा फिरवला तर जाणवेल न जाणवेल इतका. बफिंगच्या, म्हणजे यंत्राने फिरवून चकाकी आणणाऱ्या चाकापुढे त्याचा काय टिकाव लागणार!

माझ्या वडिलांचा रॉजर्स मी स्वतः बफिंगला दिला होता. सांबरशिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा. "चकचकीत करून द्या," एवढंच मी म्हणाले. त्या कारागिराने दहा मिनिटांत मी सांगितलं तसंच करून दिलं. त्याचा काही दोष नाही. घरी येऊन बघते तो ताऱ्याच्या जागी एक फिकट ठिपका, क्रूस अर्धवट, आणि नॉरफोक स्ट्रीटमधली शेवटची चार अक्षरं उन्हात तिरकं धरलं तरच दिसतात. मुठीवरच्या शिंगाची खडबडीत साल घासून गुळगुळीत झाली होती. ती साल तर चाकूवाल्यांच्या जगात सगळ्यात मोलाची. ती सांबराची शिंगं गेली आपल्याच देशातून. शेफील्डचे कारखाने हिंदुस्थानातून ती जहाजांनी मागवत. आता तो व्यापार बंद आहे, त्यामुळे तशी मूठ नव्याने बसवायचं म्हटलं तरी जमणार नाही. वडिलांचा चाकू मला कधी विकायचा नव्हता आणि नाही. तरी पातं उघडलं की अंगठा त्या ठशाच्या जागेवर जातोच.

बफिंगमध्ये आणखी एक धोका असतो, तो डोळ्यांना लगेच दिसत नाही. पात्याची धार कागदासारखी पातळ, ती चाकावर क्षणात तापते. साधारण २०० अंशांच्या वर गेली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरायला लागतं. आधी पिवळसर, मग निळी छटा येते. पुढच्या चकाकीत ती छटाही पुसली जाते आणि चाकू दिसायला सुंदर, पण धार न धरणारा होऊन बसतो.

जपानी तलवारींचे जाणकार तर मुठीत लपलेल्या भागावरचा गंज, त्याला ते नाकागो म्हणतात, कधीच काढत नाहीत. त्या गंजाच्या रंगावरून आणि पोतावरून तलवारीचं वय ठरवतात. जगातलं सगळ्यात निगुतीचं पॉलिश करणारे लोक तेवढा भाग मुद्दाम सोडून देतात.

गंज परत कुठे उठतो ते बघा

आता मूळ प्रश्नाकडे. साफ केल्यावर गंज परत आला, तर लगेच कापड हातात घेऊ नका. आधी फोटो काढा. गंज नेमका कुठे आहे त्यावरून तो कशाने आला ते बहुतेक वेळा कळतं.

बिजागरीपाशी, म्हणजे पातं जिथे फिरतं तिथे, तांबडं पाणी सुटल्यासारखं दिसत असेल तर आत काहीतरी राहिलं आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावून चाकू धुतला की वरून कोरडा दिसतो, पण पाठीच्या स्प्रिंगखाली आंबट पाणी साचून राहतं. बाजारातले गंज काढायचे द्रवही तसेच. माझ्याकडे साफसफाईसाठी आलेल्या चाकूंपैकी सर्वांत वाईट अवस्थेतले असेच, चांगल्या हेतूने आंबटात बुडवलेले होते. मोत्याच्या शिंपल्याची किंवा हाडाची मूठ असेल तर आम्ल तीही खातं. शिंपला म्हणजे चुनखडीच, तो लिंबात विरघळतो.

बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतील तर घाम. यावर फार बोलायला नको. हाताळून झालं की पुसा. पाहुण्यांना दाखवल्यावर तर आठवणीने पुसा.

पात्याच्या एकाच बाजूला लांबट पट्टा असेल आणि चाकू कातडी म्यानात ठेवत असाल, तर म्यान हेच कारण. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहिलेली असतात, आणि कातडं ओल शोषतं. पितळी रिव्हेटवर हिरवं मेणचट काहीतरी दिसतं ना, तेही कातड्यातल्या तेलाने पितळ खाल्ल्याचं लक्षण. म्यान फेकू नका, ते जुनं असेल तर चाकूइतकंच महत्त्वाचं आहे. फक्त दोघांना शेजारी शेजारी ठेवा, एकात एक नको.

एका कारणाबद्दल विदेशी माहितीत तुम्हाला कधीच वाचायला मिळणार नाही, कारण ते आपल्याच घरातलं आहे. खंडेनवमी. वर्षातून एकदा शस्त्रं, अवजारं बाहेर निघतात, लिंबू-राख लावून उजळली जातात, पाण्याने धुतली जातात, गंध-हळद-कुंकू लागतं, वर झेंडूची फुलं. दसऱ्याचा दिवस तसाच जातो, आणि मग सगळं परत पेटीत. दिवाळीनंतर उघडून बघावं तर फूल जिथे टेकलं होतं तिथे गोल तांबडा डाग, आणि कुंकवाच्या बोटाखाली खड्डा. पूजा जरूर करा, आमच्याकडेही होते. पण आदल्या दिवशी पात्याला मेणाचा हात द्या, गंध-कुंकू मुठीच्या पितळी भागाला लावा, फुलं पात्याखालच्या पानावर ठेवा, आणि दसऱ्याच्या रात्री झोपण्याआधी सगळं पुसून घ्या. लिंबू-राख नको.

किनारपट्टीवर राहत असाल तर आणखी एक खूण ओळखायला शिका. खड्ड्यांच्या तोंडाशी घामासारखे बारीक तांबूस थेंब जमतात. पुसले की दुसऱ्या दिवशी परत. ते मीठ. खाऱ्या हवेतलं मीठ खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतं आणि हवेतली ओल स्वतःकडे ओढतं. स्वच्छ पोलाद साधारण ६० ते ६५ टक्के आर्द्रतेपर्यंत धीर धरतं, मीठ असलं तर त्याच्या बरंच खालीही गंजत राहतं. इथे नुसतं तेल वरून लावून भागत नाही, मीठ काढावं लागतं. कसं ते पुढे सांगते.

माझ्या डब्यातली गोष्ट

पुण्यात असताना माझे अकरा चाकू एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात, मऊ कापडावर ठेवलेले असायचे. नऊ वर्षांत त्यांना काही झालं नाही. मग आम्ही रत्नागिरीला राहायला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात चार चाकू गंजले. सगळ्यांनी सांगितलं, समुद्राची हवा. मलाही पटलं. साफ केले, तेल लावलं, झाकणाला चिकटपट्टी लावून डबा हवाबंद केला. पुढच्या वर्षी पाच गंजले, आधीपेक्षा जास्त.

हवा हेच कारण असतं तर अकराच्या अकरा गंजायला हवे होते. शिवाय हवाबंद केल्यावर कमी व्हायला हवं होतं. मी डब्यातल्या जागा कागदावर काढल्या. गंजलेले पाचही चाकू एका चाकूच्या भोवती होते. तो एक सोलिंगनचा लहानसा जर्मन चाकू, मधाच्या रंगाच्या अर्धपारदर्शक मुठीचा, आत तपकिरी ढग. घरात सगळे त्याला कासवाच्या पाठीची मूठ म्हणत. मी तो उचलून डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला आणि बाकीच्यांच्या जागा बदलल्या नाहीत. सहा आठवड्यांत त्या दुसऱ्या कोपऱ्यात गंज सुरू झाला.

मग भिंग घेऊन बसले. खऱ्या कासवाच्या कवचात तपकिरी रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. या मुठीत ठिपके नव्हते, रंग दुधात चहा ओतल्यासारखा वळणावळणाने पसरला होता. अंगठ्याने मिनिटभर चोळून नाकाशी धरली, कापराचा वास आला. मूठ सेल्युलॉइडची होती.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेला कापूस आणि कापूर यांचं मिश्रण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं आणि विसाव्याच्या मध्यापर्यंत चाकूंच्या मुठी, फण्या, चष्म्याच्या काड्या, बाहुल्या सगळीकडे वापरलं गेलं. हस्तिदंत, कासव, शिंपला, कशाचीही नक्कल त्यात करता येई. पण ते हळूहळू कुजतं. कुजताना त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात, ते ओलीशी मिळून नायट्रिक आम्ल होतं. ते आम्ल शेजारच्या पोलादावर, पितळेवर बसतं, आणि मुठीचं स्वतःचं कुजणंही वेगाने पुढे नेतं. ऊब आणि दमट हवा मिळाली की सगळ्याला जोर चढतो. पुण्याच्या कोरड्या हवेत नऊ वर्षं जे रांगत होतं ते रत्नागिरीत धावायला लागलं. आणि डबा हवाबंद करून मी तो वायू आत कोंडला होता.

खात्री करायची असेल तर घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. निळ्या लिटमस कागदाच्या पट्ट्या डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर करून झाकणाच्या आतून चिकटवा. एकीत चाकू ठेवा, दुसरी रिकामी. रात्रभर बंद. सकाळी चाकूच्या बरणीतली पट्टी रिकाम्या बरणीतल्यापेक्षा स्पष्ट लाल झाली असेल तर मूठ आम्ल सोडते आहे. माझी फिकट गुलाबी झाली होती, रिकाम्या बरणीतली निळीच राहिली. इतर खुणा अशा: गंज मुठीला लागून आणि दोन्ही बाजूंना सारखा, आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशीसारखी साय, मुठीत जाळीदार तडे, आंबूस झणझणीत वास. पारदर्शक आणि कासवछाप मुठी लवकर जातात, दाट रंगाच्या त्यामानाने टिकतात.

गरम सुई टोचून बघा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हे द्रव्य भयंकर पेट घेतं. जुन्या सिनेमाच्या रिळांची फिल्म याच कुळातली, आणि पुण्यात २००३ साली राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या अशा किती जुन्या फिल्म आगीत गेल्या ते आठवत असेल. अशा मुठीचा चाकू बफिंगच्या चाकाला लावणं तर जिवाशी खेळ आहे.

कुजायला लागलेलं सेल्युलॉइड परत ठीक करता येत नाही. त्यावर तेल, वार्निश, मेण काही लावून उपयोग नाही. ते बाकीच्यांपासून वेगळं करायचं, मोकळ्या थंड हवेत ठेवायचं, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. तो चाकू डब्यातून काढल्यानंतर राहिलेल्या दहांवर दोन पावसाळ्यांत नवा डाग आला नाही. समुद्र होता तिथेच आहे.

काढायचाच असेल तर कसा

जिवंत गंज काढावाच लागतो. पण काढायचा तो फक्त गंज, खालचा काळपटपणा नाही. माझी रीत सांगते.

शिवणयंत्राचं पातळ तेल गंजावर लावून एक-दोन दिवस ठेवते. मग तांब्याची जाड तार ठोकून चपटी केलेली एक पट्टी आहे, तिने खरवडते. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ते गंज उचलतं पण पात्याला ओरखडा देत नाही. ठशाच्या अक्षरांत आणि पातं नखाने उघडायच्या खाचेत बांबूची तासलेली काडी. पुसायचं, परत तेल, परत एक दिवस. एका पात्याला आठवडा लागतो. घाई झाली की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो, म्हणून मी एका वेळी एकच चाकू घेते.

फारच चिवट असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल, तेलात भिजवून, बोटाच्या टोकाएवढ्याच जागी. ठशावर मात्र तेही नाही. खड्ड्यांच्या तळाशी जो काळा राहतो तो राहू द्यायचा. खड्डा नाहीसा करायचा म्हणजे भोवतालचं सगळं पातं त्या खोलीपर्यंत खाली आणायचं, आणि मग पातं अरुंद होतं. जाणकार आधी पात्याची रुंदी बघतात.

मिठाचे थेंब येत असतील तर तेवढ्यापुरतं पाणी लागतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या कापसाने खड्डे पुन्हा पुन्हा टिपायचे, मग स्पिरिटने पाणी ओढून काढायचं, केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट वाऱ्याने सुकवायचं, आणि लगेच तेल. हाड, शिंग, हस्तिदंताच्या मुठीला पाणी आणि स्पिरिट लागू द्यायचं नाही, त्या तडकतात. सेल्युलॉइडजवळ स्पिरिट आणायचंच नाही, ते विरघळतं.

बिजागरीत तेलाचे दोन थेंब टाकून पातं सावकाश उघडझाप करते. निघणारं तांबडं तेल पुसते. स्वच्छ तेल येईपर्यंत हेच.

शेवटचा हात मेणाचा. सूक्ष्मस्फटिकी मेण मिळालं तर उत्तम. रेनेसन्स वॅक्स हे ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं मेण संग्रहालयांत वापरतात. नाही मिळालं तर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ थर, दर दोन महिन्यांनी. खोबरेल किंवा गोडेतेल नको. रोजच्या विळीला ते चालतं कारण ती रोज धुतली जाते. पेटीत पडलेल्या चाकूवर ते घट्ट होऊन चिकट पिवळा थर बनतो, आणि बिजागरी जाम होते.

ठेवायचं कसं

पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांत नको, त्यातून क्लोरिनयुक्त आम्ल सुटतं. नव्या प्लायवुडच्या खणात नको, त्याचा डिंक कितीतरी काळ वाफ सोडत असतो. फोमच्या गाद्या नकोत. डांबराच्या गोळ्यांनी कसर जाते, गंज थांबत नाही. धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड आणि पत्र्याचा किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचा डबा पुरे.

डब्यात सिलिका जेल ठेवा आणि सोबत एक छोटं आर्द्रतामापक, काहीशे रुपयांत मिळतं. इथे एक ओढाताण आहे. पोलादाला जितकं कोरडं तितकं बरं, पण शिंग आणि हस्तिदंत अति कोरड्यात चिरतात. मी ४५ ते ५० टक्क्यांवर थांबते. रत्नागिरीत जुलैत बाहेर ८०-९० असतं, त्यामुळे जेल आठवड्याला बदलावं लागतं. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास, परत केशरी होतात.

मग दुरुस्ती कधीच नाही का?

असं मी म्हणत नाही. रोज वापरायचा चाकू खुशाल घासा, धार लावा, मूठ बदला. नावाचा ठसा मुळातच नसलेला, खिळखिळा, रुपये पन्नासला भंगारात मिळालेला चाकू शिकण्यासाठी उत्तम. स्प्रिंग तुटली असेल, खिळा सैल झाला असेल, तर ते नीट करणं चाकूला जगवणं आहे. जे केलं ते विकताना सांगायचं, एवढं पाळा.

कट्यार, बिचवा, खंजीर मात्र घरी नकोच. चांगल्या जुन्या पात्यांत पोलादाची लाटांसारखी नक्षी असते, ती पॉलिश पेपरखाली बुजते. मुठीवरचं सोन्याचं कोफ्तगरी काम म्हणजे पोलादावर बारीक जाळी कोरून तिच्यात दाबलेली सोन्याची तार, चार वेळा घासलं की तार कापडावर. शिवाय शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि हस्तिदंताच्या मुठीची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्यात बसत नाही. अशी वस्तू घरात असेल तर आधी एखाद्या संग्रहालयाच्या जतन विभागात दाखवा.

तो मधाच्या रंगाचा सोलिंगन सध्या माझ्या टेबलाच्या वरच्या फळीवर, उघड्या मातीच्या पणतीत आहे. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा फोटो काढते. मागच्या मे महिन्यापर्यंत तडे मुठीच्या एका टोकाला होते, आता ते मधल्या रिव्हेटला टेकले आहेत. दुसऱ्या रिव्हेटपर्यंत गेले की मुठीच्या दोन्ही पट्ट्या काढून मोकळ्या हवेत वेगळ्या ठेवणार, आणि पातं, स्प्रिंग, पितळी पट्ट्या तशाच, बिनमुठीच्या, साफ करून मेण लावून बाकीच्या दहांजवळ परत नेणार.